पहिला चांगला हेडफोन: दुकानात जाण्याआधी सुरू होणारी खरेदी

"मावशी, सात-आठ हजारांत सगळ्यात भारी हेडफोन कुठला?" भाचीचा फोन आला तेव्हा तिला पुण्यात वसतिगृहात राहायला जाऊन दोन महिने झाले होते. फोनला लावायच्या जुन्या इयरफोनची डावी बाजू बंद पडली होती, आणि आता एकदाच काय तो चांगला घेऊ असं तिच्या मनात होतं. मी श्राव्यपुस्तकांच्या संपादनाचं काम करते. दिवसाचे पाच-सहा तास हेडफोन माझ्या कानावर असतो, त्यामुळे नात्यातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. तिला मी मॉडेलचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, आधी एक वही काढ.

सगळ्यांसाठी सगळ्यात भारी असा हेडफोन नसतोच. बसच्या खडखडाटात जो सुखाचा, तो रियाजाला निरुपयोगी ठरू शकतो. शांत खोलीत तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणता नाद) उलगडून दाखवणारा हेडफोन लोकलमध्ये नुसता भुणभुणतो. हेडफोन ठरतो तो तुम्ही कुठे बसून ऐकता त्यावरून. त्यानंतर तुमच्या कानाचा आणि डोक्याचा आकार येतो. कंपनी आणि किंमत यांचा नंबर त्याच्याही मागे. भाचीबरोबर मी जी खरेदी केली, तिच्याच क्रमाने पुढे सांगते.

पहिली पायरी: आठवडाभराची नोंद

सात दिवस रोज रात्री चार गोष्टी लिहा. कुठे ऐकलं, किती वेळ, कशावर (फोन, लॅपटॉप, टीव्ही) आणि आजूबाजूला कोण होतं. काय ऐकलं तेही लिहिलंत तर उत्तम. अंदाजाने लिहू नका, कारण हा अंदाज हमखास चुकतो.

भाचीला वाटत होतं की आपण बहुतेक बसमध्येच ऐकतो, म्हणून तिला नॉइज कॅन्सलेशनवाला (बाहेरचा आवाज दाबणारा), बिनवायरचा हेडफोन हवा होता. वहीत निघालं ते असं: बसमध्ये जाऊन-येऊन रोज तास-सव्वा तास, त्यातला निम्मा वेळ उभ्याने आणि काहीही न ऐकता. खोलीत लॅपटॉपवर व्याख्यानं आणि गाणी मिळून तीन तास. सकाळी तानपुऱ्याच्या ॲपवर रियाज पाऊण तास, तोही शेजारच्या पलंगावरची मैत्रीण झोपलेली असताना. आईशी फोन वीस मिनिटं, आणि तो फोन कानाला लावूनच.

म्हणजे तिचं खरं ऐकणं टेबलापाशी बसून होत होतं. शेजारी झोपलेलं माणूस होतं आणि डोक्यावर पंखा होता. या नोंदीने तिची निम्मी निवड करून टाकली आणि बरेच पैसेही वाचवले.

दुसरी पायरी: कानात, कानावर की कानाभोवती

कानाच्या नळीत बसणाऱ्या इन-इयरला आपण सरसकट इयरफोन किंवा बड्स म्हणतो. तो बाहेरचा आवाज चांगला अडवतो, खिशात मावतो आणि उन्हाळ्यात घाम आणत नाही. पण त्याचं सगळं यश रबरी टोपीच्या मापावर आहे. टोपी सैल बसली की खर्ज गळून जातो आणि माणूस म्हणतो, "याला बेसच नाही." बहुतेक खोक्यांत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टोप्या असतात. तिन्ही लावून बघा. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी त्यात वावगं काही नाही, अनेकांना तशी लागतात.

कानावर टेकणारे लहान हेडफोन हलके असतात, पण कानाच्या पाळीवर दाबून बसतात. चष्म्याची काडी आणि कानातलं यांच्यामध्ये तासाभरात ठणका लागतो. याला एक सन्माननीय अपवाद आहे: कॉसचा पोर्टा प्रो. १९८४ साली आलेलं हे हलकंफुलकं यंत्र आजही बनतं आणि आवाजाला मोकळं आहे. मात्र ते आवाज अडवत नाही आणि आतला आवाज बाहेर सांडतं.

कान पूर्ण आत घेणारे मोठे हेडफोन दोन जातींचे. बंद पाठीचे आणि उघड्या पाठीचे. उघड्या पाठीच्या हेडफोनला बाहेरून जाळी असते, त्यामुळे आवाज खोलीत पसरल्यासारखा मोकळा वाटतो. सेन्हायझरने १९६८ साली एचडी ४१४ आणून ही जात रुळवली. शांत अभ्यासिकेत त्याला तोड नाही. पण आपल्या घरात मार्च ते जून पंखा पाचवर असतो, खिडक्या उघड्या असतात आणि बाहेर भाजीवाला ओरडत असतो. उघड्या पाठीतून हे सगळं आत येतं आणि तुमचं गाणं शेजारच्या पलंगापर्यंत जातं. म्हणून पहिल्या खरेदीसाठी मी बहुतेकांना बंद पाठच सुचवते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद पाठीचा हेडफोन दीड तासाने कान घामेजून टाकतो हेही खरं आहे. तिथे दुपारी ऐकणाऱ्याने इन-इयरचाच विचार करावा.

गाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सुराचा अंदाज फसतो. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक एक कान उघडा ठेवतात. ज्या हेडफोनच्या वाट्या फिरतात, त्यांत हे सहज जमतं. भाचीच्या यादीत ही अट पहिल्या दिवसापासून होती.

तिसरी पायरी: वायर की बिनवायर

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी इथेच जातात.

आठ हजारांचा वायरवाला हेडफोन घेतला की ते पैसे ध्वनीच्या पडद्यात, गाद्यांत आणि सांगाड्यात जातात. आठ हजारांच्या बिनवायरी हेडफोनमध्ये त्याच पैशांत बॅटरी, चिप, मायक्रोफोन आणि ॲपही बसवायचं असतं. साहजिकच निव्वळ आवाजाच्या बाबतीत या किमतीला वायर पुढे राहते. दुसरा मुद्दा आयुष्याचा. लिथियम बॅटरी चार्जिंगगणिक थोडी थोडी उतरते. छोट्या बड्समधली बॅटरी इवलीशी असते, ती रोज पूर्ण रिकामी होते आणि बदलताही येत नाही. दोन-तीन वर्षांनी पाच तास चालणारे बड्स दोन तासांवर आले की ते कचऱ्यातच जातात. वायरवाल्या हेडफोनची मात्र वायर बदलते, गाद्या बदलतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरला जातो आणि त्याच्या गाद्या अजून सुट्या मिळतात.

बिनवायरीचं सुख मी नाकारत नाही. स्वयंपाक करताना, चालताना, गर्दीत उभं असताना वायर खरोखर छळते. तुमच्या वहीत असेच तास जास्त असतील तर बिनाशंका बिनवायरी घ्या. घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, कोडेक. फोनपासून हेडफोनपर्यंत आवाज दाबून पाठवायची ही पद्धत असते. एसबीसी सगळ्यांकडे असतो. आयफोन एएसी वापरतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सोनीचा एलडॅक असतो, जो ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके किलोबिट) जातो. आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे मोजू नयेत, तो फोन ते वापरतच नाही.

दुसरी गोष्ट ऑनलाइन वर्गांची. ब्लूटूथवर नेहमीच्या पद्धतीने माइक सुरू झाला की हेडफोन कॉलच्या मार्गावर जातो आणि आवाज सेकंदाला १६,००० नमुन्यांवर (म्हणजे आवाजाच्या तितक्या मोजमापांवर) उतरतो. गाण्यासाठी सीडीच्या दर्जाला ४४,१०० लागतात. म्हणून मीटिंग सुरू होताच चांगला हेडफोनही टेलिफोनसारखा वाजू लागतो. तो बिघडलेला नसतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, हेडफोन पुन्हा खुलतो.

तिसरी गोष्ट उशीर. ब्लूटूथवर आवाज साधारण सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याने मागे पडू शकतो. व्हिडिओची ॲप चित्र तेवढंच मागे सरकवून हे झाकतात. पण कीबोर्ड वाजवताना, किंवा स्वतःचा आवाज माइकमधून ऐकत गाताना तो उशीर असह्य होतो. वाद्य शिकणाऱ्याने वायरच घ्यावी, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

फोनला हेडफोनची पिनच नाही, मग वायर कुठे लावायची? २०१६ मध्ये आयफोन ७ ने ३.५ मिलिमीटरचा जॅक काढून टाकला आणि पुढे बहुतेकांनी तेच केलं. त्यासाठी टाइप-सीचा छोटा जोड मिळतो. विकत घेताना "डॅक असलेला द्या" असं स्पष्ट सांगा. काही स्वस्त जोडांमध्ये आकड्यांचा आवाज करणारी चिप नसते, ते फोनकडून तयार आवाजाची अपेक्षा ठेवतात आणि अनेक फोनवर मुकेच राहतात. दुकानात तुमच्याच फोनला लावून वाजवून बघा.

नॉइज कॅन्सलेशन कोणाला हवं

बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिचहून अमेरिकेला परतत होते. विमानातल्या हेडफोनमधून गाण्याऐवजी इंजिनाची घरघरच ऐकू येत होती, आणि त्याच प्रवासात त्यांनी या कल्पनेची गणितं मांडायला घेतली. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, अमेरिकेत आश्रयाला गेलेले. कल्पना अशी: बाहेरचा आवाज छोट्या माइकने टिपायचा, त्याची बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडायची आणि दोन्ही लाटांनी एकमेकींना मारायचं. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आला, आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी क्वाएटकम्फर्ट.

ही युक्ती संथ, खालच्या, सलग आवाजावर उत्तम चालते: बसचं इंजिन, एसी, विमान, शिवनेरीतली घरघर. अचानक येणाऱ्या, तीव्र आवाजावर ती अपुरी पडते. कुकरची शिट्टी, हॉर्न, शेजारच्यांचं बोलणं थोडं कमी होईल, जाणार नाही. रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्याला यावर खर्च करणं मला पूर्ण मान्य आहे, कारण त्याला गाणं मोठं करावं लागत नाही आणि कान वाचतात. दिवसातून चाळीस मिनिटांच्या बससाठी मात्र नीट बसणारा साधा इन-इयर पुरतो.

चौथी पायरी: खोक्यावरचे आकडे

"५० मिलिमीटर ड्रायव्हर" (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा पडदा) याने काहीच सिद्ध होत नाही. ४० मिलिमीटरचे उत्तम हेडफोन आहेत आणि ५० चे भसाडेही. "२० ते २०,००० हर्ट्झ" हा माणसाच्या कानाचा आवाका आहे, तो सगळ्याच खोक्यांवर छापलेला असतो. "५ ते ४०,०००" लिहिल्याने तुमचा कान वाढत नाही. त्या पट्ट्यात कुठला आवाज किती उठून येतो हे महत्त्वाचं, आणि ते खोक्यावर कधीच नसतं. वॉट किंवा मिलिवॉटचे मोठे आकडे तर विसरूनच जा. हेडफोन किती सहन करतो एवढंच ते सांगतात.

दोन आकडे मात्र वाचा: ओहममधला अवरोध आणि डेसिबलमधली संवेदनशीलता. थोडक्यात सांगायचं तर ओहम कमी आणि डेसिबल जास्त असेल तर फोनला हेडफोन सहज पेलतो. एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा आणि १०६ डेसिबलचा, तो कुठल्याही फोनवर खणखणीत वाजतो. सेन्हायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. त्याचं कौतुक ऐकून पुष्कळजण तो पहिलाच घेतात, फोनला लावतात आणि आवाज दबका का वाटतो म्हणून हिरमुसतात. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर द्यावा लागतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत येतो. फोन-लॅपटॉपसाठी त्यातला २५० घेऊ नका.

बिनवायरी घेणाऱ्याला ओहमची काळजी नको, ॲम्प्लिफायर आतच असतो. व्यायामासाठी हवा असेल तर त्याने आयपीएक्स ४ हा शब्द शोधावा. त्याचा अर्थ कुठल्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांना तो दाद देत नाही. पावसात भिजण्यासाठी तो दाखला पुरेसा नाही.

पाचवी पायरी: दुकानात ऐकणं

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, किंवा मॉलमधलं मोठं दालन. जिथे प्रत्यक्ष लावून ऐकू देतात तिथे एकदा तरी जा. मग विकत कुठूनही घ्या. आम्ही भर दुपारी गेलो, गर्दी कमी असते आणि दुकानदाराला वेळ असतो.

आपला फोन, आपली गाणी. दुकानातलं प्रात्यक्षिकाचं गाणं असं निवडलेलं असतं की त्यावर काहीही चांगलंच वाजेल. घरून पाच तुकडे उतरवून न्या. डेटावर चालणारं गाणं मध्येच खालच्या दर्जावर उतरतं आणि तुलना बिघडते. माझे पाच तुकडे असे असतात.

नुसता तानपुरा, दोन मिनिटं. चांगल्या हेडफोनमध्ये जवारीचे वरचे सूर एकेक करून उमलताना ऐकू येतात, षड्जाच्या आत गंधार लपलेला सापडतो. वाईट हेडफोनमध्ये नुसती घूं-घूं उरते.

तबल्याचा विलंबित ठेका. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड (सुराचं सलग सरकणं) वर चढताना ऐकू आली पाहिजे. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये प्रत्येक घुमारा सारखाच धप्प वाजतो आणि मींड बुडते. पुष्कळांना हा धप्प पहिल्या पाच मिनिटांत फार आवडतो. दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं.

मराठी बोलणं, शक्यतो स्त्रीचा आणि पुरुषाचा असे दोन आवाज. "चमचा", "सासू", "जसजसं" असे शब्द असलेला उतारा घ्या. आपले दंततालव्य च-ज आणि स हे वरच्या पट्टीतले आवाज आहेत. हेडफोन कर्कश असेल तर हे वर्ण सुईसारखे टोचतात. दिवसभर बोललेलं ऐकणारी माणसं आम्ही, आमच्यासाठी ही सगळ्यात कडक परीक्षा.

चौथा तुकडा गर्दीचा: ढोल-ताशा, किंवा खूप वाद्यांचं चित्रपटगीत. झांज वेगळी, ताशा वेगळा कळतोय का? आणि पाचवा जुना, मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येईल असा मुद्रित केलेला. त्यात गायकाचा आवाज बरोबर कपाळाच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर त्या हेडफोनचे दोन कान सारखे नाहीत, तो नग ठेवून द्या.

तुलना करताना एक नियम कसोशीने पाळा. दोन्ही हेडफोनचा आवाज सारख्याच पातळीवर आणा. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं. एका वेळी तीनपेक्षा जास्त हेडफोन ऐकू नका. चौथ्याला कान दमलेला असतो.

आता डोक्याचं. ज्या अवस्थेत तुम्ही रोज ऐकता त्याच अवस्थेत लावा: चष्मा लावून, कानात कुड्या किंवा बुगडी असेल तर तीही ठेवून, अंबाडा घालत असाल तर अंबाडा घालून. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय तोच तबला ऐका, फार फरक पडत असेल तर ती गादी तुमच्यासाठी नाही. कान वाटीच्या आत पूर्ण गेला पाहिजे, पाळी दुमडता कामा नये. मग वीस मिनिटं काढूच नका. दुकानदाराशी गप्पा मारा, वायर हाताळा, घडी घालून बघा. पहिल्या मिनिटाला उबदार वाटणारी पकड पंधराव्या मिनिटाला जबडा दुखवू लागते, हे उभ्या-उभ्या दोन मिनिटांत कळत नाही. वजनाकडेही बघा. २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर तीन तास निभतात, तीनशेच्या पुढे मान बोलू लागते.

भाचीने तीन ऐकले. पहिला आवाजाला सरस होता, पण चष्म्यावर बाराव्या मिनिटाला दुखायला लागला. दुसऱ्याचा डग्गा धप्प होता. तिसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स. त्याच्या वाट्या नव्वद अंशांत फिरतात, म्हणजे रियाजाला एक कान मोकळा ठेवता येतो. वायर सुटी होते, आणि खोक्यात दोन वायरी येतात, एक गुंडाळीची आणि एक तीन मीटरची सरळ. तानपुरा लावल्यावर ती काही बोलली नाही, डोळे मिटून बसली. मी दुकानदाराला पुढचा काढू नका म्हटलं.

त्याच्या वायरीबद्दल एक सावधगिरी. हेडफोनकडचं टोक २.५ मिलिमीटरचं आणि फिरवून अडकणारं आहे, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातली वायर बसत नाही. ज्या हेडफोनला साधी ३.५ ची खाच असते त्याला कुठलीही वायर चालते. बाकी सगळं सारखंच वाटत असेल तर साध्या खाचेचा हेडफोन पसंत करा.

पैसे, पावती आणि नकली माल

वायरवाले चांगले इन-इयर दीड-दोन हजारांपासून मिळतात, आणि या किमतीत गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी खरोखर अप्रतिम काम केलं आहे. कानाभोवतीच्या वायरवाल्या हेडफोनची खरी मजा पाच हजारांपासून सुरू होते. दहाच्या पुढे दर हजारामागे मिळणारी सुधारणा कमी कमी होत जाते. पहिल्या खरेदीत तिथे जायची गरज मला दिसत नाही. तीन हजारांच्या खालचं नॉइज कॅन्सलेशन मी घेणार नाही.

गाजलेल्या मॉडेलची नक्कल सर्रास मिळते, अगदी खोक्यासकट. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून बिलाशिवाय, "खास तुमच्यासाठी" निम्म्या किमतीत घेतलेला हेडफोन माझ्या वाट्याला आला होता. आवाज पोकळ, आणि तीन आठवड्यांत एक कान गेला. पावती नव्हती, त्यामुळे कोणाला काही विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून मी खोकं आधी उलटं करून बघते. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. ती पट्टी नसेल तर वॉरंटीही नाही असं समजा. बिनवायरी वस्तूंवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच तपासता येतो.

पावतीवर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर विकणारा नेमका कोण आहे ते वाचा, आणि इन-इयर असेल तर परत घेण्याची अट आधीच बघा. आरोग्याच्या कारणावरून उघडलेले इन-इयर पुष्कळ ठिकाणी परत घेत नाहीत. खोकं उघडतानाचं चित्रीकरण ठेवा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

सहावी पायरी: पहिले पंधरा दिवस

नवा हेडफोन पन्नास तास वाजवला की "खुलतो" असं सांगतात. गाद्या मऊ होतात आणि आपला कान त्या आवाजाला सरावतो, एवढं नक्की. म्हणून पहिल्या दिवशी नाराज होऊ नका. पण आठवड्यानेही स टोचत असेल तर तो टोचतच राहणार. परत द्यायची मुदत संपण्याआधी निर्णय घ्या.

ॲपमधला दर्जा वाढवा. स्पॉटिफायमध्ये सेटिंग आपोआपवर असतं, तुमच्या खात्यात "व्हेरी हाय" मिळत असेल तर ते निवडलं की साधारण ३२० केबीपीएस मिळतात. तासाला सुमारे १४४ एमबी खर्च होतात, तेव्हा वायफायवर गाणी उतरवून ठेवणं बरं. फोनमधले "बेस बूस्ट" आणि "थ्रीडी" बंद करून सुरुवात करा. इक्वलायझर (खालचे-वरचे आवाज कमीजास्त करायची सोय) वापरायचा तर जे खुपतं ते दोन-तीन डेसिबलने उतरवा. हवं ते चढवत बसलं की आवाज फाटतो.

आणि कान जपा, ही गोष्ट मी भाचीला तीनदा सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ वर २० तास, ९० वर जेमतेम चार. शंभरावर पूर्ण आठवड्याची मर्यादा अर्ध्या तासाच्या आत संपते. कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. घरी साधी कसोटी आहे: शांत खोलीत हवा तेवढा आवाज लावा, त्या जागेवर खूण ठेवा, आणि बसमध्येही त्याच्या फार वर जाऊ नका. वर जावंसं वाटत असेल तर टोपीचं माप बदला. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो धोक्याचा इशारा आहे. दोन दिवसांत थांबली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. रस्ता किंवा रूळ ओलांडताना आणि दुचाकीवर हेडफोन कानात नकोच.

पावसाळा

आपल्याकडे हेडफोनचा खरा शत्रू दमट हवा आहे. गाद्यांवरचं नकली चामडं पॉलियुरेथेनचं असतं. हवेतली वाफ आणि घाम यांनी ते हळूहळू विघटित होतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत काळ्या खपल्या गालाला चिकटू लागतात. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होतं. न वापरता कपाटात ठेवलेल्या हेडफोनचंही होतं. रोज ऐकून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने गाद्या पुसा. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या पुड्याही चालतात. डोक्याचं तेल गादीला लागू देऊ नका. सॅनिटायझर तर मुळीच लावू नका, त्याने वरचा थर उलतो.

खपल्या निघायला लागल्या की हेडफोन टाकू नका, गाद्यांची जोडी बदला. जुनी गादी कडेने ओढली की निघते, नवीची झालर खाचेत बसवायला दहा मिनिटं लागतात. मात्र जाड किंवा मखमली गादी लावली तर खर्ज बदलतो, तेव्हा मूळ मापाचीच घ्या. वायर कधी ओढून काढू नका, पिन धरून काढा. आणि ती फोनभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. एका बाजूचा आवाज जातो तो बहुतेक वेळा पिनेच्या मुळाशी तार तुटल्यामुळे, आणि सोल्डरिंग करणारा कारागीर शंभर-दोनशे रुपयांत ते जोडून देतो.

भाचीने बससाठी वेगळं काही घेतलं नाही. जुन्या इयरफोनची बंद पडलेली डावी बाजू तिने तपकीर गल्लीतल्याच एका टपरीवर त्याच दुपारी जोडून घेतली.